अस्तर लावण्याआधी तपासा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या हस्तकलांच्या छोट्या अभ्यासक्रमांवर लेख आला होता. त्यात स्कॉटलंडच्या किल्टला, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार वस्त्राला, जागा मिळाली याचा आनंद आहे. पण 'पाच दिवसांत प्रमाणित मास्टर किल्टमेकर' हे शब्द वाचून हे पत्र लिहिणे भाग पडले. ते कुठल्याशा जाहिरातीतून आले असावेत. पुण्या-मुंबईत फॅशन डिझाइन शिकणारी मुले असे लेख कापून ठेवतात, घरच्यांचे पैसे फीला घालतात, आणि हाती येणाऱ्या कागदाला त्या धंद्यात काय किंमत आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. कृपया एवढी दुरुस्ती छापावी: 'किल्टमेकर' ही ब्रिटनमध्ये कायद्याने राखून ठेवलेली उपाधी नाही, आणि 'मास्टर किल्टमेकर' तर नाहीच नाही. उद्या सकाळी कोणीही ती पाटी दारावर लावली तर त्याला अडवणारे कोणी नाही.

या कामाला ही मोकळीक परवडणारी नाही. का, ते समजायला किल्ट आतून कसा असतो हे आधी पाहावे लागेल.

पारंपरिक किल्ट तुकडे जोडून होत नाही. तो एका लांब पट्टीचा असतो. लांबी सुमारे आठ वार. उंची कमरेपासून गुडघ्यापर्यंत, साधारण २४ इंच. कापड वुर्स्टेड लोकरीचे (लांब तंतू विंचरून कातलेली गुळगुळीत लोकर), ट्विल म्हणजे तिरप्या विणीचे. समोर दोन सपाट पदर एकावर एक येतात, त्यांना एप्रन म्हणतात. उरलेले सगळे कापड मागे चुण्यांमध्ये जाते. नऊवारी नेसणाऱ्या घरात आठ वारांचे कोणाला नवल वाटणार नाही. पण निऱ्या रोज नव्याने घालता येतात, बिघडल्या तर सोडता येतात. किल्टच्या चुण्या एकदाच बसतात आणि पुढची कित्येक वर्षे, बहुतेकदा पुढच्या पिढीच्या अंगावरही, त्या तशाच राहायच्या असतात. पट्टीची खालची कड म्हणजे मागावरची किनारच. तिला दुमड नाही, तुरपाई नाही. त्यामुळे उंची चुकली तर खालून दुरुस्ती नाही. जे करायचे ते वर, कमरेकडे, आणि तेही शिवायला बसण्याआधी ठरवून.

गिरणीतून कापड बहुधा दुहेरी पन्ह्याचे येते, ५८ ते ६० इंचांचे. चार वार घेऊन ते मधोमध लांबीत कापले की दोन पट्ट्या मिळतात. त्या एका चुणीच्या पोटात, दिसणार नाही अशा जागी, चौकडा जुळवून जोडतात. नवख्याची पहिली चूक इथे होते. दोन्ही पट्ट्यांची किनार खाली यायची तर एक पट्टी फिरवून घ्यावी लागते. टार्टनमधल्या, म्हणजे किल्टच्या रंगीत चौकड्यामधल्या, रंगांचा क्रम दोन्हीकडून सारखा असेल तर काही बिघडत नाही. क्रम एकतर्फी असेल तर फिरवलेल्या पट्टीत तो उलटा येतो आणि जोडाच्या पुढे चौकडा जुळतच नाही. हे कापड मागवण्याआधी कळले पाहिजे. कात्री फिरल्यावर कळून उपयोग नाही.

आता मापे घेऊ. समजा गिऱ्हाइकाची कंबर ३४ इंच आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ४० इंच. हिशेब सोपा राहावा म्हणून निम्मे माप एप्रनला आणि निम्मे चुण्यांना दिले. म्हणजे मागचा भाग कमरेला १७ इंच आणि सीटला २० इंच भरला पाहिजे. चुण्या २४ ठरवल्या तर तीन इंचांचा फरक चोवीस चुण्यांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येक चुणीचा दिसणारा भाग सीटपासून कमरेपर्यंत बरोबर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, निमुळता होतो. हे एक सूत आठ इंचांच्या अंतरात, चोवीस वेळा, एकसारखे उतरवायचे. प्रत्येक चुणी अर्धा सूत जास्त रुंद शिवली गेली तर एकेका चुणीकडे पाहून ते लक्षातही येत नाही, पण चोवीस चुण्यांचे मिळून दीड इंच वाढतात. बक्कल सरकवून कंबर आवळता येते, मात्र मग एप्रनच्या मधला पट्टा बेंबीच्या रेषेतून बाजूला जातो आणि किल्ट अंगावर फिरल्यासारखा दिसतो. निमुळतेपणा चुणीच्या एकाच बाजूने काढला तर मागच्या उभ्या रेघा तिरक्या पडतात. हिशेब जमला नाही म्हणून तो कडेच्या चार-सहा चुण्यांत उरकला तर मधल्या रेघा सरळ आणि कडेच्या कललेल्या, असे ध्यान तयार होते.

कमरेपासून सीटच्या सर्वांत रुंद जागेपर्यंत चुण्या शिवलेल्या असतात. या भागाला फेल म्हणतात. २४ इंचांच्या किल्टमध्ये तो साधारण आठ इंचांचा, म्हणजे एक तृतीयांश. तो वरच संपला तर चुण्या सीटवर ताणून उघडतात, खाली उतरला तर मोकळ्या सुटायच्या जागी मागे फेकल्या जातात. गिऱ्हाइकाच्या अंगाप्रमाणे तो पाऊण इंच इकडेतिकडे होतो आणि किती, हे टेप नुसता गुंडाळून समजत नाही.

चौकड्याचे एक पूर्ण आवर्तन म्हणजे सेट. चुण्या बसवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत प्रत्येक चुणीवर एकच ठळक रेघ मधोमध घेतात. लष्करी किल्टांत ही पद्धत रुळलेली आहे. दुसरीत चुण्या अशा मोजून घालतात की मागून पाहिले तरी पुढच्यासारखाच अखंड चौकडा दिसावा. रेघेवर बसवताना एका चुणीत एक सेट जातो. सेटवर बसवताना एक सेट अधिक चुणीचा दिसणारा भाग एवढे कापड लागते. सेट साडेसात इंचांचा धरला तर २४ चुण्यांना पहिल्या पद्धतीत १८० इंच आणि दुसऱ्या पद्धतीत २०० इंच. वीस इंचांचा, म्हणजे अर्ध्या वाराहून जास्त फरक. त्यात दोन एप्रन, त्यांच्या कडांचे आतले दुमड आणि एप्रनलगतच्या खोल चुण्या मिळवा, म्हणजे आठ वार कुठे जातात ते कळेल. सेट लहान असेल तर चुण्या उथळ पडतात, मोठा असेल तर कापड पुरत नाही किंवा खोल चुण्या कमरेला एकीवर एक चढतात. ठरावीक आठ वार घेऊन कुठलेही टार्टन शिवायला बसणारा माणूस हा हिशेब शिकलेला नसतो.

शिवण बाहेरून, एका चुणीची कड शेजारच्या चुणीवर बसवत, दिसणार नाही अशा बारीक टाक्यांनी घालतात. इंचाला दहा-बारा टाके. दोरा जास्त ओढला तर प्रत्येक टाक्याला खळी पडते. सैल सोडला तर बसल्याउठल्यावर चुणी फाकते. आडव्या रेघा चुणीगणिक जुळल्या पाहिजेत. दर चुणीला केसभर घसरण झाली तरी शेवटच्या चुणीपर्यंत पायऱ्या दिसू लागतात आणि खालची किनारही तिरपी जाते.

आणि आता या सगळ्या कामाचा गाभा. फेल शिवून झाला की आतल्या बाजूला चुण्यांचे थरावर थर साचलेले असतात. कमरेला जाडी येऊ नये म्हणून अनेक किल्टमेकर फेलच्या आतले जास्तीचे कापड कापून काढतात. (हलक्या कापडात काही जण कापतच नाहीत, म्हणजे पुढे कंबर सैल करायला वाव राहतो. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे.) कापले की चुण्यांना वरून धरून ठेवणारे काही उरत नाही. सोळा औंसी कापड म्हणजे दुहेरी पन्ह्याच्या एका वाराला १६ औंस. चार वारांचे ६४ औंस, जवळपास १.८ किलो. त्यातला मोठा भार मागच्या चुण्यांचा, आणि तो सगळा त्या बारीक टाक्यांवर लोंबू लागतो. तसे होऊ नये म्हणून आतून बखियाची आडवी ओळ घालतात. चुणीचा आतला थर शेजारच्या थराला बांधत जायचे, पण सुई पुढच्या दिसणाऱ्या कापडात जाऊ द्यायची नाही. याला स्टीकिंग म्हणतात. बोटांना वरचा थर कुठे संपतो आणि आतला कुठे सुरू होतो हे न पाहता कळावे लागते. टाका उथळ बसला तर भार पेलत नाही, खोल गेला तर बाहेर टिपका दिसतो. त्यावर कॅनव्हास येते, म्हणजे पट्टे आणि बकलांची ओढ कॅनव्हासवर पडते, लोकरीवर पडत नाही. मग कमरपट्टी, मग सुती अस्तर.

अस्तर लागले की यातले काहीच दिसत नाही. स्टीकिंग गाळलेला किल्ट आणि नीट बांधलेला किल्ट दुकानात शेजारी टांगले तर जाणकारालाही बाहेरून फरक सांगणे कठीण. वापरात आल्यावर फेलच्या खालच्या टोकाचे टाके उसवू लागतात, चुण्या मध्यभागी खाली ओघळतात, मागची किनार पुढच्यापेक्षा उतरते. कात्री फेलच्या रेषेच्या खाली गेली असेल तर चुणीच्या मुळाशी भोकच पडते आणि त्याला इलाज नाही. तोवर पावती हरवलेली असते, आणि तो किल्ट नेमका कोणाच्या हातचा हे दुकानालाही आठवत नसते.

एप्रनबद्दल थोडक्यात. त्याची कड सरळ कापून चालत नाही, खाली जाताना ती किंचित बाहेर काढावी लागते; नाहीतर अंगावर आल्यावर एप्रन गुडघ्यांमध्ये आत ओढला जातो. कडेच्या आतली पट्टी ताणून शिवली तर कड वळते आणि कितीही इस्त्री केली तरी पुन्हा वळते. इस्त्रीचेही तेच: चुण्या कच्च्या टाक्याने पूर्ण उंचीभर बांधून, ओले फडके ठेवून, इस्त्री दाबायची आणि उचलायची. घासली तर लोकर ताणते आणि चकाकते.

अनुभवी हाताला असा एक किल्ट शिवायला वीस तासांच्या आसपास लागतात. पाच दिवसांच्या वर्गात विद्यार्थी शिक्षकाच्या देखरेखीखाली एक किल्ट पूर्ण करू शकतो, आणि ते चांगलेच आहे. मी अशा वर्गांच्या विरोधात नाही. पण अशा वर्गात सेटचा हिशेब सहसा शिक्षकच आधी करून ठेवतो, कापड कापून ठेवतो, चुण्यांच्या खुणाही बऱ्याचदा करून देतो; वेळच तेवढा असतो. विद्यार्थी टाका शिकतो. किल्ट मांडायला शिकत नाही. दुसऱ्या मापाचा माणूस, दुसरा सेट, एकतर्फी टार्टन समोर आले की तो अडतो. त्याच्या हाती 'या व्यक्तीने देखरेखीखाली एक किल्ट शिवला' असा कागद द्यावा. तो खरा असेल आणि मानाचाही असेल. 'प्रमाणित' हा शब्द त्यावर छापला की प्रश्न येतो, कोणी प्रमाणित केले आणि कशाच्या आधारे? बहुतेक वेळा उत्तर एकच: फी घेणाऱ्यानेच.

पूर्वी असे नव्हते. ग्लासगोच्या ट्रेड्स हाउसची घडी १६०५ साली बसली; त्याखाली चौदा व्यवसायसंघ होते आणि शिंप्यांचा त्यांपैकी एक. शहरात स्वतंत्र धंदा करायचा तर आधी शिकाऊ म्हणून वर्षे काढायची, मग दुसऱ्याकडे रोजंदारीवर काम करायचे, मग संघाने नेमलेल्या जाणत्यांसमोर परीक्षेचा नग करून दाखवायचा. तो मान्य झाला तरच माणूस मास्टर. या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता. बाहेरच्यांना आणि बायकांना दार बहुतांशी बंद होते, भाव संघाच्या मुठीत होते. स्कॉटलंडमधल्या शहरांतली ही मक्तेदारी १८४६च्या कायद्याने मोडली, आणि ते योग्यच झाले. मक्तेदारीबरोबर परीक्षेचा नगही गेला, त्याच्या जागी सगळ्या धंद्याने मानलेले दुसरे काही आले नाही. 'मास्टर' हा शब्द मात्र पाट्यांवर राहिला.

स्कॉटलंड आपल्या वस्तूंच्या बाबतीत एरवी फार दक्ष आहे. हॅरिस ट्वीड या लोकरी कापडासाठी ब्रिटिश संसदेने १९९३ साली स्वतंत्र कायदा केला: लोकर आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, कापड तिथल्या रहिवाशाने आपल्या घरी हाताने विणलेले हवे, शेवटची प्रक्रियाही बेटांवरच. टार्टनच्या नक्षीची सरकारी नोंदवही आहे, २००८च्या कायद्याने आलेली. बॅगपाइप वाजवणाऱ्यांसाठी श्रेणीवार परीक्षा आहेत. घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदांसाठी १९७५चा कायदा आहे. नोंदणी नसलेल्याने नाल ठोकली तर तो गुन्हा. नालबंदांच्या तीन पायऱ्या, डिप्लोमा, असोसिएट आणि फेलो, प्रत्येकीची परीक्षा वेगळी, आणि नावामागची अक्षरे पाहून घोडेवाल्याला कळते की समोरच्याला काय येते. नक्षी नोंदलेली, कापड राखलेले, वाद्य वाजवणाऱ्याची परीक्षा झालेली, आणि या सगळ्यांना जोडणारे वस्त्र ज्या हातांनी उभे राहते त्या हातांची मात्र कायद्याने कुठे नोंद नाही. कपड्याच्या लेबलवर धाग्यांचे प्रमाण लिहिणे ब्रिटनमध्ये सक्तीचे आहे. कोणी शिवले, कुठे शिवले, हाताने की यंत्राने, हे लिहिणे सक्तीचे नाही. एडिनबरात पर्यटकांच्या रस्त्यावर ॲक्रिलिकचा किल्ट आणि वुर्स्टेडचा किल्ट एकाच पाटीखाली विकले जातात ते यामुळेच.

याची झळ बसते ती शिवणाऱ्यांना. किल्ट शिवणाऱ्यांपैकी पुष्कळ जणी आजही घरी बसून नगावर काम करतात. दुकान कापड आणि मापे पाठवते, पंधरा-वीस दिवसांनी तयार किल्ट घेऊन जाते, आणि लेबल लागते दुकानाचे. पाटीवर 'किल्टमेकर्स' लिहिलेले ते दुकान, आणि जिने चोवीस चुण्या एकेक सुताने उतरवल्या तिचे नाव किल्टवर कुठेच नाही. नगावर पैसे मिळत असल्याने शेजारी बसवून कोणाला शिकवणे म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे घालणे; शिकाऊ मुलीचे पहिले किल्ट उसवून पुन्हा शिवावे लागतात आणि त्या वेळेचे कोणी काही देत नाही. ब्रिटनमधल्या हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेच्या धोक्यातील कलांच्या यादीत किल्टचे पारंपरिक काम आले आहे. मागणी नाही म्हणून हे झाले असे नाही. स्कॉटलंडमध्ये लग्नात अजून किल्ट घालतात आणि चांगल्या किल्टसाठी गिऱ्हाईक महिनोन्महिने थांबते. शिकवण्याचे पैसे कोणी द्यायचे आणि शिकून झालेल्याला काय म्हणायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे नसल्याने ही वेळ आली आहे. कीथ गावात आणि एडिनबरात मन लावून शिकवणाऱ्या शाळा आहेत. त्यांतून बाहेर पडलेली मुलगी आणि पाच दिवसांचा वर्ग केलेली मुलगी, दोघींनाही बाजारात एकच शब्द मिळतो.

माझी सूचना नालबंदांसारख्या कायद्याची नाही. चुकलेल्या किल्टने कोणाचा पाय मोडत नाही, आणि सक्तीची नोंदणी आणली तर पहिल्यांदा घरी बसून शिवणाऱ्या बायकांचेच काम बंद होईल. ऐच्छिक नोंदवही पुरे, पण तिच्यातली परीक्षा खरी हवी. ती कशी असावी, हे मला स्पष्ट दिसते. टाका, इस्त्री आणि अस्तर येणाऱ्याला शिकाऊ म्हणावे. ज्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मापे घेण्यापासून, निदान पंचवीस किल्ट स्वतः केले आहेत, त्यांत रेघेवर आणि सेटवर बसवलेले दोन्ही आहेत, एकतर्फी टार्टनचा निदान एक आहे, पोट सुटलेल्या आणि सीट सपाट असलेल्या माणसाचे आहेत, त्याला किल्टमेकर म्हणावे. पंचवीस हा आकडा देवाने दिलेला नाही, त्यावर चर्चा व्हावी. पण आकडा किल्टांचा असावा, दिवसांचा नसावा. आणि मास्टर म्हणावे ते ज्याच्या हाताखाली शिकलेले दोघे-तिघे स्वतः किल्टमेकर झाले त्याला. आपल्याकडे शिंप्याच्या दुकानात मापे घेऊन कापतो तो मास्टर आणि यंत्रावर बसतो तो कारागीर. किल्टच्या कामात ही वाटणी चालत नाही, कारण वेगळे कटिंग असे नसतेच. मांडणारा आणि शिवणारा एकच लागतो.

परीक्षेचा किल्ट अस्तर लावण्याआधी तपासावा. हा एक नियम झाला तरी निम्मे काम होईल. परीक्षकाने तो उलटा टेबलावर पसरावा, स्टीकिंगच्या ओळीवर बोट फिरवावे, कात्री कुठवर गेली ते पाहावे, कॅनव्हास बकलांच्या मागे पोचले आहे का ते बघावे. मग सुलटा करून फेलच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या टोकाला माप घ्यावे, चुण्यांच्या रुंदी तपासाव्या, टांगून किनार सपाटीत आहे का पाहावे. तपासणाऱ्याला शिवणाऱ्याचे नाव माहीत नसावे, आणि तो फी घेणाऱ्या शाळेचा नसावा. आतल्या बाजूचे छायाचित्र नोंदवहीत राहावे. अस्तराच्या आत शिवणारीच्या नावाची छोटी पट्टी असावी, मग बाहेर लेबल कोणत्याही दुकानाचे असो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: असे निकष आले की आठ वारांचा, हाताने शिवलेला तोच खरा आणि बाकी सगळे नकली ठरेल. तसे होता कामा नये. अठराव्या शतकाच्या अखेरचे शिवलेले किल्ट आजच्यापेक्षा कमी कापडाचे, सुमारे चार वारांचे आणि पेटीसारख्या चुण्यांचे होते, ते काही कमी अस्सल नव्हते. यंत्राने शिवलेला किल्ट बँडमधल्या वाढत्या मुलासाठी अगदी योग्य आहे. फक्त 'यंत्राने शिवलेला' असे त्यावर लिहावे. आपल्या पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि १९९९च्या आपल्या कायद्यात वस्तूच्या नोंदीबरोबरच ती बनवणाऱ्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करण्याची सोय आहे. म्हणजे विणकराचे नाव सरकारी वहीत चढू शकते. तिचा वापर किती होतो हा वेगळा विषय, पण ही सोय स्कॉटलंडने पाहण्यासारखी आहे.

आपल्या वाचकांपैकी जे शिकायला जाणार आहेत त्यांनी फी भरण्याआधी शाळेला विचारावे: सेटचा हिशेब मी करणार की तुम्ही? कापडाला कात्री कोण लावणार? दुसरा आणि तिसरा किल्ट करताना तुम्ही तपासून द्याल का? तपासणारा तुमच्याच शाळेचा की बाहेरचा? पुढे नगावर काम मिळवायचे तर किती किल्ट दाखवावे लागतात? उत्तरे टाळली गेली तर हौसेसाठी जावे, पोटासाठी जाऊ नये.

आणि जे भारतात बसून किल्ट मागवतात, लग्नासाठी किंवा पाइप बँडसाठी, त्यांनी शिवणाऱ्याचे प्रश्न ऐकावेत. पँटचा नंबर विचारून ऑर्डर घेणारा किल्टमेकर नव्हे. किल्टची कंबर पँटच्या कमरेच्या बरीच वर, बेंबीच्या आसपास बसते आणि पँटवर छापलेला आकडा खऱ्या मापापेक्षा सहसा कमी असतो. काम जाणणारी व्यक्ती सांगेल की माप स्वतःचे स्वतः घेऊ नका, दुसऱ्याकडून घ्या. ताठ उभे राहा, पोट आत ओढू नका. कंबर, सीटची सर्वांत रुंद जागा, आणि कमरेपासून तिथपर्यंतचे अंतर असे तिन्ही कळवा. उंची बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मोजा, वाकून खाली पाहू नका, कारण वाकले की टेप सैल पडतो आणि माप इंचभर चुकते. ती टार्टनचे नाव विचारेल, मग सेट किती इंचांचा आहे ते गिरणीकडून विचारून घेईल, आणि त्यानंतरच कापड किती वार लागेल ते सांगेल.

आपली,
एक वाचक
एडिनबरा